हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला उपचारात भागीदार करावे का?

मूळ मत (रुग्णाचा मुलगा)

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू शकत नसलेल्या, रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी मिळते; पण तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, तर अंगात पाणी साठू लागले असण्याची शक्यता असते आणि दम लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे असते, हे क्वचितच कोणी समजावते. माझे वडील रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करतात आणि दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहितात. सूज नसतानाचे त्यांचे वजन ६२ किलो आहे. ते ६४ झाले, तर लघवीची गोळी (साठलेले पाणी लघवीवाटे काढणारी) किती दिवस, किती वाढवायची आणि कोणाला फोन करायचा, हे डॉक्टरांनी स्वतः लिहून दिले आहे. प्रत्येक रुग्णाला असा लेखी नियम मिळायला हवा, आणि औषध किंवा उपकरण ठरवताना त्याचे मतही विचारले जायला हवे. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचारिकांनी वृद्ध रुग्णांना आजार, आहार आणि गोळ्या नीट समजावून पुढेही संपर्क ठेवला, तेव्हा ९० दिवसांत हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले.

प्रतिसाद (तालुक्याच्या गावी काम करणारा डॉक्टर)

हेतू चांगला असला, तरी गोळीचा डोस रुग्णाच्या हाती देण्यास माझा विरोध आहे. लघवीची गोळी वाढली की पोटॅशियम उतरते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) चढू शकते. शरीरात पोटॅशियम राखून ठेवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असेल, तर उलट पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. 'मीठ कमी करा' हे ऐकून रुग्ण बाजारातले कमी सोडियमचे मीठ आणतो. त्यात पोटॅशियमच असते, हे त्याला माहीत नसते. गुडघे दुखतात म्हणून तो औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक घेतो, आणि त्याने अंगात पाणी साठते. शिकागोत झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'हार्ट' (HART) नावाच्या अभ्यास-चाचणीत ९०२ रुग्णांपैकी निम्म्यांना स्वतःची काळजी घेण्याचे समुपदेशन दिले. तरीही मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणे कमी झाले नाही.

प्रतिसाद (घरी सासऱ्यांची शुश्रूषा करणारी सून)

भागीदारी म्हणजे प्रत्यक्षात कोणाची, हे दोघांनीही सांगितलेले नाही. आमच्याकडे वजन मी लिहिते, पापड-लोणचे ताटातून मीच काढते, आणि मामंजी 'डॉक्टर सांगतील तसे' एवढेच म्हणतात. हा त्यांचा निर्णय आहे आणि तो मानला पाहिजे. मात्र छातीत बसवायच्या शॉक देणाऱ्या यंत्राचा विषय निघाला, तेव्हा सगळी चर्चा मुलांशी झाली आणि मामंजींना शेवटी केवळ तारीख सांगितली गेली. गोळी त्यांनी नाही वाढवली तरी चालेल, पण स्वतःच्या छातीत काय बसवायचे, हे त्यांना विचारायलाच हवे होते.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

यंत्राबद्दलचे तुमचे म्हणणे माझ्या मुद्द्यापेक्षाही महत्त्वाचे आहे. डॉक्टर, हार्ट चाचणीत तुलनेसाठी घेतलेल्या गटालाही माहितीपत्रके आणि फोन मिळत होते. त्यामुळे काहीही न समजावलेल्या रुग्णाची बरोबरी त्या गटाशी होत नाही. कमी सोडियमच्या मिठाचा धोका तर मला शिकवण्याच्या बाजूचाच पुरावा वाटतो, कारण तो न सांगितल्यामुळेच उद्भवतो.

डॉक्टरांचा प्रतिसाद

शिकवण्याबद्दल वाद नाही. पण बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला मिळणाऱ्या चारपाच मिनिटांत ते होत नाही, त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका हवी. डोस वाढवल्यावर आठवड्याच्या आत रक्त तपासणीची सोय असेल आणि लिहून दिलेल्या क्रमांकावर कोणीतरी फोन उचलणार असेल, तर काही निवडक रुग्णांना मी असा नियम लिहून देईन. जिथे यातले एकही नाही, तिथे वजन वाढताच रुग्णाने दवाखान्यात यावे, डोस घरी बदलू नये, असेच मी सांगत राहीन.