शहराच्या ऐन मध्यभागी दिसलेले स्थलांतरित पक्षी : आपले अनुभव

कचेऱ्या आणि रहदारी यांच्या गर्दीत एखादा स्थलांतरित पक्षी अवचित दिसला असेल, तर तो अनुभव कृपया लिहावा. महिना, वेळ आणि पक्षी काय करत होता हेही नोंदवावे, म्हणजे तो तेथे का आला असावा याचा काही अंदाज बांधता येईल. सुरुवात मी करतो.

जूनच्या आरंभी एका सकाळी कार्यालयाच्या जिन्यात नवरंग भिंतीला टेकून बसलेला आढळला. रानात ज्याचा नुसता आवाज ऐकून परतावे लागते, तो पक्षी दोन हातांवर होता. नवरंग हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत काढतो, पावसाच्या तोंडावर विणीसाठी उत्तरेकडे निघतो आणि रात्रीच्या या प्रवासात दिव्यांच्या झगमगाटाने भरकटून, थकून, मिळेल त्या आडोशाला शिरतो. त्याला पाणी पाजावे असा सर्वांचा आग्रह होता. परंतु चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून मी ते होऊ दिले नाही. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, त्याला शांत ठेवले. दोन तासांनी आतून फडफड ऐकू आली, तेव्हा काचांपासून दूर, झाडीच्या कडेला खोके उघडले. तो क्षणभर थबकला, टुणटुणत पुढे गेला आणि झुडपात दिसेनासा झाला.

*

आमच्याकडचा पाहुणा मात्र वाट चुकलेला वाटत नाही. सलग तीन हिवाळे समोरच्या उंच इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कडेला, निळा शैलकस्तुर बसलेला मी पाहते आहे. तो मूळचा कडेकपारींतला. त्याला ही इमारत कडाच वाटत असावी.

*

डिसेंबरात भर चौकातल्या एकाच झाडावर तिन्हीसांजेला शेकडो पांढरे धोबी मुक्कामाला उतरतात. खालून जाणारे क्वचितच वर पाहतात, याचे मला वाईट वाटते.

*

माझी नोंद दुःखाची आहे. ऑक्टोबरात पहाटे आमच्या काचेच्या इमारतीखाली एक पर्णवटवट्या मरून पडला होता. तळहातावर त्याचे वजन जाणवतही नव्हते. काचेत उमटलेले झाड त्याला खरे वाटले असणार. 2023 च्या ऑक्टोबरात शिकागोमध्ये एकाच इमारतीवर एका रात्रीत नऊशेहून अधिक पक्षी आदळून मेले, हे वाचल्यापासून मी व्यवस्थापनाच्या मागे लागलो. आता स्थलांतराच्या महिन्यांत वरच्या मजल्यांचे दिवे रात्री बंद असतात आणि तळमजल्याच्या काचांवर बाहेरून, दोन-दोन इंचांवर, ठिपके चिकटवलेले आहेत. पहाटेची फेरी मी अजूनही चुकवत नाही.