मदत हवी आहे : सुट्टीच्या आठवड्यातल्या मॅचेस आणि डार्ट्स

मंडळी, 26 डिसेंबर ते नवीन वर्ष हा माझा सगळ्यात लाडका आठवडा, मेलबर्नला बॉक्सिंग डे टेस्ट सुरू, त्याच दिवशी सिडनी ते होबार्ट यॉट रेस निघते आणि त्याच आठवड्यात लंडनला अलेक्झांड्रा पॅलेसमधली डार्ट्सची (गोल बोर्डवर छोटे बाण मारायचा खेळ) वर्ल्ड चॅम्पियनशिप नाताळची सुट्टी घेऊन परत चालू होते. टेस्ट तर मी सोडणारच नाही, पहिल्या सकाळी नवीन बॉल आणि भरलेलं एमसीजी (मेलबर्नचं क्रिकेट मैदान), अहाहा!

पण खरा प्रश्न डार्ट्सचा आहे, नवीनच नाद लागलाय. 501 वरून बरोबर शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट डबल (आकड्याचे दुप्पट गुण देणारी बारीक पट्टी) किंवा बुललाच (बोर्डच्या मधोमधचा 50 गुणांचा ठिपका) हवा, इथपर्यंत समजलं. 32 मुद्दाम का ठेवतात तेही कळलं, डबल 16 ऐवजी सिंगल 16 लागला तरी डबल 8 उरतो, काय भारी डोकं आहे! पण 100 च्या वरचा आकडा उरला की एका पाळीतल्या तीन डार्टचा रस्ता खेळाडू क्षणात कसा ठरवतात? 170 चा पाठ आहे, दोन ट्रिपल 20 (तिप्पट, म्हणजे 60-60) आणि बुल, पुढे गाडी अडते.

कोणी नियमित बघत असाल तर सांगा ना, आधी कुठले आकडे पाठ करू? आणि टेस्टचा स्कोअर न कळता नंतर रेकॉर्डिंग बघायचं असेल तर मोबाईलवर काय काय बंद करता?