‘फरक कळत नाही’ हे वाक्य मला पटलेलं नाही (१९६३ च्या घड्याळाची रेप्लिका)

अजिंक्यतारा_सातारा
काल गावभागातल्या मित्रानं इथं फोटो टाकला. अकरा वर्षं ज्याच्या मागं होतो ते १९६३ चं चिनी हवाई दलाचं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं घड्याळ) शेवटी घेतलं, ओरिजिनल मिळणं शक्य नाही म्हणून आत्ता बनवलेलं घेतलं, "पण हातावर घातलं की फरक कळत नाही". सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी रात्री दोनदा लिहून खोडलं, आता लिहितोच.

फरक कुणाला कळत नाही? बघणाऱ्याला कळत नसेल, घालणाऱ्याला कळतोच की. मला राग रेप्लिकेचा नाही, आव आणण्याचा आहे. डायल मुद्दाम पिवळसर, काटे निळे, बारावर लाल तारा आणि मागं बघावं तर काच, आतलं मशीन दिसावं म्हणून. वैमानिकाच्या घड्याळाला मागं काच कशाला लागते? माझ्याकडं वडिलांचं एचएमटी पायलट आहे. रोज सकाळी पुण्याच्या सात पाचच्या बातम्या लागल्या की ते चावी द्यायचे, आता मी देतो. त्या चावीच्या खाचा झिजून एवढ्या गुळगुळीत झाल्यात की बोट सरकतं, नखानं धरून फिरवावी लागते. ती झीज कुठल्या कारखान्यात मिळत नाही.

आणि जे कुणीच बोललं नाही ते पण बोलतो. ६२ ला ज्यांनी आपल्यावर चाल केली त्यांच्याच हवाई दलाचं ६३ चं घड्याळ आपण हौसेनं घालायचं? आमचे थोरले चुलते नेफातून (आत्ताचं अरुणाचल) परत आले ते पायाची दोन बोटं थंडीत घालवून. त्यांच्यासमोर तो तारा मनगटावर बांधून बसवेल का तुम्हाला?

गावभाग_सांगली
दादा, फोटो माझाच, त्यामुळं उत्तर देतो. तुम्ही नक्कल म्हणताय तर आधी हे ऐका. १९६१ ला चीननं हवाई दलासाठी ‘प्रोजेक्ट ३०४’ काढला, स्वित्झर्लंडच्या व्हीनस कंपनीचं १७५ नंबरचं मशीन बनवायची यंत्रसामग्री विकत घेतली आणि टियांजिनच्या कारखान्यात हे घड्याळ बनवलं. आजची सीगल कंपनी म्हणजे तोच कारखाना, आणि माझ्या घड्याळातलं एसटी १९ मशीन त्याच व्हीनसच्या वंशातलं. चावीचं, कॉलम व्हीलचं (स्टॉपवॉच चालू-बंद करणारं खांबांचं चाक). त्याच घरात त्याच घराण्याचं मूल जन्मलं तर त्याला परकं म्हणायचं का?

मागची काच जुन्याला नव्हती हे खरं, पण मी ते त्या काचेसाठीच घेतलं. डिप्लोमाला असताना पहिल्यांदा चित्रात कॉलम व्हील बघितलं तेव्हापासून डोक्यात होतं. वरचं बटण दाबताना आधी जरा अडतं, मग बोटाखाली कट्ट होतं आणि मधला लांब काटा सुटतो, सेकंदाला सहा ठोके. मागून बघितलं तर ते चाक एक घर सरकतं, पट्टी त्याच्या खाचेत पडते आणि दुसरं दातेरी चाक येऊन भिडतं. पोरगी झोपल्यावर मी नुसता ते बघत बसतो.

६२ चं म्हणाल तर तुमच्या पायलटचं तंत्र कुणाचं? एचएमटीनं १९६१ ला बेंगळुरूत कारखाना काढला तो जपानच्या सिटिझनबरोबर. आणि ४४ साली ब्रह्मदेशच्या सीमेवर मराठा पलटणीची पोरं कुणाशी लढत होती? ते घड्याळ चालतं, हे चालत नाही?

अजिंक्यतारा_सातारा
जपानचं तंत्र घेऊन आपल्या माणसांनी घड्याळ बनवलं. त्यावर जपानी फौजेचा शिक्का नव्हता. तुझ्या घड्याळावर फौजेचा तारा आहे. एवढा साधा फरक कळत नसेल तर बोलण्यात अर्थ नाही.

गावभाग_सांगली
बोलायला सुरुवात तुम्हीच केली, घरातल्या माणसांना मधे तुम्हीच आणलंत.

कोर्टाजवळ
शब्दांचा घोळ होतोय म्हणून मधे पडतो. ज्यानं पहिलं काढलं त्यानंच परत काढलं तर ते रीइश्यू. दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव खोटं छापलं तर डुप्लिकेट, आणि ते विकणं १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानं गुन्हा आहे, ६ महिने ते ३ वर्षं शिक्षा. गावभागवाल्याचं पहिल्यात बसतं, उगाच त्याला चोराच्या रांगेत उभं करू नका. आणि ओरिजिनल ओरिजिनल करणाऱ्यांनी हे पण बघा, हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन, त्याची स्वतःची रोलेक्स डेटोना २०१७ ला न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली. हौस असलेल्या पगारदार माणसानं मग काय नुसतं फोटो बघून मरायचं?

मिरज_जंक्शन
मला वेगळंच विचारायचंय. अजिंक्यतारा, तुमचं पायलट ओरिजिनल आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? कधी भिंगाखाली धरलंय? माझ्या वडिलांचं पण पायलटच. एका दुकानात (नाव घेत नाही) सर्व्हिसिंगला दिलं, आठ दिवसांनी आणलं तर डायल नवी कोरी चकचकीत. म्हणे "साफ करून दिली". साफ कसली, जुना रंग खरवडून परत छापली होती. सहाच्या आकड्याशेजारी एक बारका डाग होता, लहानपणी मी त्याला मुंगी म्हणायचो, ती मुंगी गेली. वडील काही बोलले नाहीत, फक्त परत कधी ते घड्याळ घातलं नाही. आज बारा वर्षं झाली तरी त्या दुकानावरून जाताना माझं डोकं फिरतं.

एचएमटीच्या जनता आणि पायलट दोन्ही मॉडेलला मशीन एकच, ०२३१ नंबरचं, त्यामुळं जनतावर पायलटची डायल चढवायची आणि विकायचं. जानेवारी २०१६ ला सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं तेव्हापासून तर ऊतच आलाय. गावभागवाल्यानं निदान सांगून नवीन घेतलंय, इथं अर्धे लोक रिडायल (परत छापलेली डायल) घालून ओरिजिनल म्हणून मिरवतात.

पोवई_नाका
घड्याळजींना किती शिव्या घालणार? माझे वडील चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसले, त्या डोळ्यावर शेवटी काही राहिलं नाही. गिऱ्हाईक स्वतः सांगायचं "नव्यासारखं करून द्या". डाग ठेवला तर म्हणायचे कामच केलं नाही. पूर्ण मशीन खोलायचं, पेट्रोलनं धुवायचं, तेलाचा थेंब सुईच्या टोकानं सोडायचा, त्याचे तीनशे रुपये मागितले तर घासाघीस. पार्ट कुठनं आणायचे? बंद पडलेली घड्याळं किलोवर घेऊन त्यातलेच लावायचे. आज तुम्हाला ती मुंगी आठवते, तेव्हा कुणी सांगितलं होतं का की डायलला हात लावू नका?

मिरज_जंक्शन
सांगितलं नव्हतं. पण विचारायचं तरी. माणसाच्या अंगावरचा तीळ डॉक्टर न विचारता काढतो का?

पोवई_नाका
विचारायला पाहिजे होतं, मान्य. पण सगळ्यांना एका मापात मोजू नका, बास.

कृष्णाकाठ
तुम्ही रिडायलवरून भांडताय, आमचं बघा. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमचा खालचा मजला आठ दिवस पाण्यात. आजोबांची जनता कपाटातल्या डब्यात होती. उघडली तर आत चहासारखं पाणी आणि काट्यांवर गाळ. डायल वाळवली, ती वाचली, मशीन गंजून एकजीव झालंय. मी पण नवीन ‘तसंच दिसणारं’ बघत होतो, पण घेववत नाही. गावभाग, तुमच्यावर राग नाही, तुमची हौस मशीनची आहे. मला आजोबांचं मनगट आठवायचंय, ते नव्यात कसं आठवणार?

गावभाग_सांगली
पटलं. माझ्या घरात असं कुणाचं घड्याळच नव्हतं, आजोबा गुऱ्हाळावर होते, सूर्याकडं बघून वेळ सांगायचे. ‘फरक कळत नाही’ मी दिसण्याबद्दल लिहिलं होतं. कुणाच्या आठवणीशी बरोबरी करायची नव्हती.

अजिंक्यतारा_सातारा
तीन दिवसांनी लिहितोय. मिरजवाल्यांचं बोलणं डोक्यातून जाईना म्हणून भिंग घेऊन बसलो. माझ्या डायलवर ‘पॅरा शॉक’ची (धक्क्यापासून बचावाची खूण) इंग्रजी अक्षरं आहेत, त्यातला शेवटचा के खालच्या ओळीला टेकलाय, आणि पाचचा आकडा बाकीच्यांपेक्षा जाड. कारखान्यातून असं येत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, हो, एकदा रंगवून आणलं होतं, तू दहावीत होतास.

ताऱ्याबद्दलचं माझं मत तेच आहे, आणि मी ते घालणार नाही. पण फरक कळतोच असं जे मी छातीठोकपणे लिहिलं ते चुकलं. मला स्वतःच्या घरातल्या घड्याळात वीस वर्षं कळला नव्हता. चावीची झीज मात्र खरी आहे, ती कुणी छापलेली नाही.

कृष्णाकाठ, माझ्याकडं चालू ०२३१ मशीन एक जास्तीचं पडून आहे, एका फुटक्या जनतातून काढलेलं. डायल तुमचीच ठेवा. रविवारी सांगलीला येणार आहे, पत्ता मेसेज करा.

पोवई_नाका
बसवताना डायलचे पाय (मागच्या बारक्या पिना) सांभाळा, पुरात भिजलेले असतील तर चटकन तुटतात. मी पण येतो, मला करू द्या.

गावभाग_सांगली
मग माझ्याकडंच या सगळे, आयर्विन पुलापासून जवळ आहे. दादा, ज्या दिवशी तुम्ही याल त्या दिवशी मी ते घालणार नाही.

अजिंक्यतारा_सातारा
घाल. बटण दाबून बघायचंय मला.