इंटरनेट नसलेल्या वाचनालयात ज्ञानसाठा कसा ठेवावा? सल्ला हवा

पानवाचक: आमच्या वाचनालयात इंटरनेट नाही. मुलांना विकिपीडिया, जुनी पुस्तकं तिथेच बघता यावीत असं फार वाटतं. एक जुना लॅपटॉप आणि ६४ जीबीचं मेमरी कार्ड आहे. नवीन काहीही घ्यायचं नाही.

खटपट्या: सरळ रास्पबेरी पाय घ्या, तळहातावर मावणारा छोटा संगणक. माझा दोन वर्षं अखंड चालू आहे.

निळीशाई: पाय नको, चार-पाच टॅब घ्या. मुलं लॅपटॉपकडे फिरकत नाहीत, अनुभव आहे.

दिवाबत्ती: अहो, खरेदी नाही म्हणालेत ते. किविक्स वापरा, नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. नेट असेल तिथून झिम फाइल, म्हणजे सगळे लेख बांधून ठेवलेली एकच फाइल, एकदा उतरवून आणायची. लॅपटॉपवर किविक्सचा सर्व्हर सुरू करून हॉटस्पॉट दिला की मुलांच्या फोनवर ब्राउझरमध्ये सगळं उघडतं. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट १०० जीबीच्या वर जातो, कार्डात मावणार नाही. 'मिनी' घ्या, त्यात प्रत्येक लेखाचा फक्त सुरुवातीचा भाग असतो.

गाळणी: विकिपीडिया मुलांना देऊच नये. कोणीही काहीही लिहितं.

दिवाबत्ती: आणि कोणीही दुरुस्त करतं. लेखाखालचे संदर्भ तपासायला शिकवा, तेही शिक्षणच आहे.

थकलेला_संशोधक: अवांतर: माझाच शोधनिबंध वाचायला माझ्याकडे पैसे मागितले! भौतिकशास्त्रवाले १९९१पासून आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर निबंध खुले ठेवतात, मग इतरांचं काय अडतं?

कार्डवाला: रात्रभर उतरवलेली फाइल कार्डावर चढेचना. कार्ड फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये होतं, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आतलं आधी काढून ठेवा. माझे सगळे फोटो गेले.

निळीशाई: किविक्सला +१. पण टॅबवरच.

जुनीपानं: पुस्तकांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग, हक्क संपलेल्या पुस्तकांचा मोफत ई-संग्रह, १९७१पासून चालू आहे. मात्र तिथे हक्क संपले की नाही हे अमेरिकेच्या कायद्यानं ठरतं, आपल्याकडचं वेगळं तपासा. फुकट वाचता येतं म्हणजे वाटता येतं असं नाही, परवाना बघत जा. विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए या खुल्या परवान्यावर आहे: श्रेय द्या, त्याच परवान्यावर खुशाल वाटा.

पानवाचक: सगळ्यांचे आभार. 'खुशाल वाटा' वाचलं आणि ठरलं. पाय, टॅब, सर्व्हर काहीच नको. येईल त्याच्या फोनमध्ये किविक्स आणि मिनी फाइल भरून देणार. वाचनालय संध्याकाळी बंद होतं, वाचन कशाला बंद व्हावं?

खटपट्या: एकेक फोन भरत बसणार? महिना जाईल. पाय घ्या.

पानवाचक: जाऊ दे महिना. आज दोन भरले. तिसऱ्यात जागा नव्हती, ती मुलगी उद्या कार्ड घेऊन येणार आहे.