अजिंठ्याची चित्रं फ्रेस्को आहेत का?

प्रश्न: सगळे फ्रेस्को म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि पोपडे कशाने सुटतात?

उत्तर १: नाही. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावरच रंग भरतात. इथे छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या बेसॉल्टवर माती, भाताचं तूस आणि गवताच्या तंतूंचा गिलावा, वर पांढरा पातळ हात. तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. लाल-पिवळा गेरूचा, काळा काजळीचा. निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, थेट अफगाणिस्तानातला!

उत्तर २: पोपड्यांचं मूळ तुसातच. किडे ते खातात, गिलावा आतून पोकळ होतो, त्यात पावसाळी ओल. वर १९२०च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी दिलेला लाखेचा हात. तो पिवळा पडला. हेतू चांगला, पण चित्रं काळवंडली.

प्रश्नकर्ता: मग पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी पिवळट दिसतो तो त्यामुळेच?

उत्तर २: बराचसा. फ्लॅश मात्र मारू नका, मनाई आहे.