शर्यत जवळ आली की लेकीचं पोट दुखतं

प्रश्न: लेक नववीत, ४०० मीटर धावते. मागच्या स्पर्धेत चौथी आली, तेव्हापासून बिनसलंय. पहाटे पाचला सराव, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा मैदान. आधी स्पाइक्स (धावण्याचे खिळ्यांचे बूट) स्वतः पुसून ठेवायची, आता पिशवीला हात लावत नाही. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. सर म्हणतात, मन घट्ट कर. खेळ सोडायला लावू का?

क्रीडाशिक्षक: तुम्ही नका ठरवू, तिला विचारा. पण आधी झोप मोजा. १३ ते १८ वयात ८ ते १० तास लागतात. पाचच्या सरावात ते येणार कुठून? आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी मागून घ्या. आणि ‘मन घट्ट कर’ हे आम्ही दुसरं काही सुचलं नाही की म्हणतो. मीही म्हटलंय. दोन आठवडे असंच राहिलं, जेवण तुटलं किंवा जगण्याबद्दल निरवानिरवीचं बोलू लागली, तर थेट मानसोपचारतज्ज्ञ.

माजी व्हॉलीबॉलपटू: माझा गुडघा गेला तेव्हा सगळे गुडघ्याचं विचारायचे. संघ सुटला, त्याचं कुणीच नाही. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मनाच्या स्वास्थ्यासाठी सांघिक अंतिम फेरी अर्धवट सोडून बाहेर पडली. २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णं. ताई, घरी आल्यावर पहिला प्रश्न टायमिंगचा असतो का?

प्रश्नकर्ती: हो. दारातच. चप्पलसुद्धा काढलेली नसते तिने.