बालवाडी आत भरावी की अंगणात?

चिंगीची आई
लेक जूनमध्ये साडेतीनची होईल, बालवाडीत घालायचीय. दोन ठिकाणं बघून आले. पहिली बंगल्यात, एसी, भिंतीभर कार्टूनं. 'आउटडोअर' म्हणजे गच्चीवर प्लॅस्टिकच्या हिरवळीचा तुकडा, तिथे आठवड्यातून दोनदा नेतात. दुसरी पत्र्याच्या दोन खोल्यांत. समोर कडुनिंब, वाळूचा ढीग, पाण्याचं पिंप, एक मांजर. मुलं चिखलाने माखलेली.
माझं मत सांगून टाकते, मग झोडा: या वयाला वर्ग लागतोच कशाला? शिकणं सगळं बाहेर होतं, आत नुसती राखण. नवरा म्हणतो, मातीत खेळायला फी कशाला भरायची, सोसायटीत खेळेल की!

पाटीपेन्सिल
अकरा वर्षं बालवाडी घेतेय. 'आत नुसती राखण' हे वाचून रागच आला.
इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालघर, म्हणजे छोट्यांची शाळा, सुरू केलं ते चाळवजा इमारतीतल्या खोलीत. तिथली एक तीनेक वर्षांची मुलगी खाचांमध्ये लाकडी दट्टे बसवत होती. भोवती मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काढणं-बसवणं चालूच. चाळिसाहून जास्त वेळा. कडुनिंबाखाली तिसऱ्या वेळेलाच मांजर आलं असतं!
डाळ एका वाटीतून दुसरीत ओतणं, रुमालाची घडी, बटण लावणं, घेतलेली वस्तू जागेवर ठेवणं, या गोष्टींना ठरलेली जागा आणि थोडी शांतता लागते. भिंती त्यासाठी असतात.

बोर्डीकर
पाटीपेन्सिलताई, माँटेसरीबाईंना मानणाऱ्या ताराबाई मोडकांचंच उदाहरण घ्या. १९४५ मध्ये त्यांनी आमच्या बोर्डीला (डहाणूजवळ) ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, सोबत अनुताई वाघ. बालवाडी सुरू झाली, पण ज्या वस्त्यांतली मुलं यायला हवी होती ती येईनात. मग शाळाच उठून त्यांच्या वाडीत गेली, कुणाच्या तरी अंगणात बसली. अंगणवाडी हा शब्द तिथला. साहित्य महाग पडतं म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. पुढे १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर काम गेलं. तिथे गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या, म्हणजे गुरं जिथे चरतात तिथे शाळा. भिंतींचा हट्ट धरला असता तर ती पोरं शाळेत आलीच नसती.

गॅलरीतला बाप
(चिंगीच्या बापाच्या बाजूने.) १९४५ चं अंगण वेगळं, आजचं शहर वेगळं. बाहेर धूळ, डेंग्यूचे डास, मोकाट कुत्री, मार्चपासून चाळिशीतलं ऊन. आमच्या शेजारच्या नर्सरीत घसरगुंडी पत्र्याची आहे, दुपारी तिच्यावर पापड भाजावेत. आणि बाहेर सोडलं की शिकतात म्हणे. काय शिकतात? माझा एक महिना रोज फक्त पिंपातलं पाणी सांडून यायचा.

बोर्डीकर
पाणी सांडून काय शिकला ते तुम्ही त्याला विचारलंत का? :) किती भरलं की उचलत नाही, किती कललं की सांडतं, माती किती पिते... महिनाभर त्याचा प्रयोग चालला होता.
राहिलं ऊन. सकाळी साडेआठला कोण भाजतं? आणि डोळ्यांचंही ऐका. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या साधारण ३० टक्क्यांना लांबचं धूसर दिसण्याचा दोष आला होता, बाहेर न काढलेल्यांत जवळपास ४०. २०१५ मध्ये छापून आलंय.

गॅलरीतला बाप
चष्म्याचं मान्य. पण त्यासाठी चिखल लागत नाही, गच्चीही चालेल.

सेविका १४
मी अंगणवाडी सेविका, चौदा वर्षं झाली. तुमचं सगळ्यांचं वाचून हसू आलं, रागही आला. तुम्ही आत की बाहेर हे निवडताय.
१९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकासाची सरकारी योजना निघाली, तिने ताराबाईंचा 'अंगणवाडी' हा शब्द उचलला. माझ्या अंगणवाडीला अंगणच नाही. भाड्याची एक खोली. एका कोपऱ्यात धान्याची पोती, दुसऱ्यात वजनकाटा, मधे मुलं. गरोदर बाया येतात, लसीकरणाच्या दिवशी नर्सताई येतात, मोबाईलवर माहिती भरायची ती वेगळी. दार उघडलं की गटार आणि त्याला लागून रस्ता. मी मुलांना बाहेर काढते ते शिक्षणशास्त्र वाचून नाही, आत खिचडी शिजते तेव्हा धूर होतो म्हणून. तेव्हा समोरच्या देवळाच्या ओट्यावर बसतो. पुजारी चांगला माणूस आहे, पण यात्रेच्या आठवड्यात तेही बंद.
आणि बोर्डीकरभाऊ, खडे-बिया छान, पण दोन वर्षांचं पोर बी नाकात घालतं. मी एकदा धावत दवाखान्यात गेलेय. तेव्हापासून चिंचोके मोठ्या मुलांनाच, तेही मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. मोजता मोजता वीसपर्यंत आकडे येतात हा फायदा.

चिंगीची आई
ताई, तुमच्यापुढे माझा धागाच लाजला. 'वर्ग लागतोच कशाला' हे मागे घेते. तुम्हाला आधी धड खोली तरी मिळायला हवी.

पाटीपेन्सिल
खोलीबरोबर अंगणही मागा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, पण २००९ चा तो कायदा ६ ते १४ वयासाठी. नुसत्या नर्सरीपर्यंत ती अट पोचतच नाही. म्हणजे सगळ्यात जास्त धावणाऱ्या वयाला मैदानाचा हक्क नाही. म्हणूनच फ्लॅटमध्ये नर्सऱ्या निघतात.
आणि बोर्डीकर, मी अंगणाच्या विरुद्ध नाही हो. माँटेसरीबाईंनाही बाग हवीच होती, आणि मुलाला वाटेल तेव्हा तिथे जाता यायला हवं होतं. माझा राग 'तासा'वर आहे. घंटा झाली, रांग करा, बाहेर चला. घंटा झाली, आत या. मूल गोगलगाय बघत असतं आणि आपण त्याला आत ओढतो. हे अंगण असूनही वर्गच झालं. आपल्या जुन्या घरांत ओसरी, पडवी, ओटा असायचं ना? छप्पर आहे पण भिंत नाही. दट्टे तिथे, वाळू दोन पावलांवर, जायचं तेव्हा मूल जातं. पावसातही. मला विचाराल तर बालवाडीची खरी खोली पडवीच.

गॅलरीतला बाप
कागदावर झकास. पंचवीस मुलं, एक बाई. निम्मी पडवीत, चार वाळूत, एक गेटपाशी. बघणार कोण?

सेविका १४
हा मात्र बरोबर प्रश्न. माझी मदतनीस रजेवर असली की मी दाराला आडवं बाकडं लावते. त्या दिवशी ना आत, ना बाहेर, फक्त गाणी.

बोर्डीकर
मान्य. म्हणून चिंगीच्या आईने माती बघण्याआधी माणसं मोजावीत.

चिंगीची आई
आज परत जाऊन आले. पत्र्याच्या शाळेत बावीस मुलं, दोन बाई आणि एक मावशी. गेटला कडी मोठ्यांच्या उंचीवर, खोलीच्या दाराला कडीच नाही, मुलं आतबाहेर करत होती. पण पावसाळ्यात पडवीबिडवी काही नाही, पत्र्याचा आवाज इतका होतो की बाईच म्हणाल्या, गोष्ट सांगता येत नाही. मग काय करता, विचारलं. "पाऊस ऐकतो," म्हणाल्या.
बंगलेवाल्यांकडेही गेले. गच्चीच्या दाराची किल्ली ऑफिसात असते.
नवरा अजून फीवरच अडलाय.